सत्त्याऐंशीपट लहान

भिलाईच्या पोलाद कारखान्यातून रूळ घेऊन निघालेली मालगाडी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना एका गोष्टीचे नवल वाटल्यावाचून राहिले नसेल. त्या गाडीवरचा रूळ एका वाघिणीत मावणारा नसतो. कितीतरी वाघिणींवर मिळून एकच रूळ पसरलेला असतो. गाडी वळणावर आली, की पोलादाचा तो जाडजूड रूळ वेताच्या छडीसारखा अलगद वाकतो आणि वळण संपले, की पुन्हा सरळ होतो. येथे १३० मीटर लांबीचा अखंड रूळ लाटला जातो व असे दोन रूळ सांधून २६० मीटर लांबीचा एक रूळ रेल्वेकडे पाठवला जातो.

भारत आणि त्या वेळचे सोव्हिएत संघराज्य यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या करारातून हा कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि १९६० पासून येथे रूळ तयार होऊ लागले. देशाच्या कोणत्याही भागात आपण आगगाडीने प्रवास केला, तरी आपल्या पायाखालून भिलाईचे पोलाद गेलेले असण्याचा संभव मोठा आहे.

आता एक गंमत करून पाहू. हा २६० मीटरचा रूळ आपण ८७ पटींनी लहान केला, तर त्याची लांबी किती होईल? उत्तर आहे, तीन मीटरांहून किंचित कमी, म्हणजे साधारण खोलीच्या एका भिंतीएवढी. रेल्वेच्या मुख्य मार्गांवर जो रूळ वापरतात, त्याचे वजन दर मीटरला ६० किलोग्रॅम आणि उंची १७२ मिलिमीटर असते. ८७ पट लहान केल्यावर ही उंची जेमतेम २ मिलिमीटर, म्हणजे आगपेटीतील काडीच्या जाडीइतकी उरते. अशा काडीएवढ्या रुळांवर विजेच्या बळावर धावणाऱ्या आगगाड्या तयार करणारे, त्यांच्यासाठी डोंगर, बोगदे आणि स्थानके उभारणारे हजारो लोक जगात आहेत. त्यांत इंजिनिअर आहेत, कारकून आहेत, डॉक्टर आहेत आणि रेल्वेतून निवृत्त झालेले कर्मचारीही आहेत. त्यांच्या छंदाविषयी आपण येथे माहिती घेणार आहोत.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘टॉय ट्रेन’ हा शब्द आपण तीन निरनिराळ्या वस्तूंसाठी वापरतो. भिलाईच्या मैत्रीबागेत मुलांना फिरवून आणणारी छोटी गाडी ही एक टॉय ट्रेन. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून पोलाद कारखान्याने ही बाग उभारली आणि १९७२ मध्ये ती सुरू झाली. नेरळहून माथेरानला चढणारी गाडी ही दुसरी. खरे पाहता तिला खेळण्यातली गाडी म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने आपला पैसा घालून बांधलेला आणि १९०७ साली सुरू झालेला हा खराखुरा डोंगरी लोहमार्ग आहे. रुळांमधील अंतर केवळ ६१० मिलिमीटर आहे, एवढाच काय तो त्याचा ‘लहानपणा’. तिसरी टॉय ट्रेन म्हणजे टेबलावर किंवा जमिनीवर मांडायची गाडी. तिच्यात माणूस बसत नाही. माणूस तिच्या बाहेर बसतो आणि तिच्याकडे पाहतो. आपला विषय ही तिसरी गाडी आहे.

तिच्यातही दोन प्रकार आहेत. एक खेळणे आणि दुसरी प्रतिकृती. खेळणे हे गाडीसारखे दिसले, की पुरते. प्रतिकृतीत मात्र प्रत्येक माप एकाच हिशेबाने लहान केलेले असावे लागते. या हिशेबाला ‘प्रमाण’ म्हणतात. नकाशाच्या खाली लिहिलेले प्रमाण आपल्या परिचयाचे आहे. येथेही तेच तत्त्व आहे. मग हे प्रमाण ८७ सारख्या अवघड आकड्यावर का आले? पन्नास किंवा शंभर का नाही?

याचे कारण इतिहासात आहे. जर्मनीतील मेर्कलिन या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत रुळांसह संपूर्ण खेळण्यातली रेल्वे मांडली आणि रुळांच्या रुंदीला क्रमांक दिले. त्या क्रमांकांतूनच पुढे ‘ओ’ हे लहान माप रूढ झाले. त्यात दोन रुळांमधील अंतर ३२ मिलिमीटर असते. इंग्लंडमध्ये या मापाच्या गाड्या बनवताना खऱ्या गाडीच्या एका फुटाला ७ मिलिमीटर असा हिशेब धरत. पुढे घरे लहान झाली, खोल्यांत जागा उरेना. तेव्हा ‘ओ’च्याही निम्मे माप निघाले. त्याला ‘हाफ ओ’ म्हणजे एचओ असे नाव पडले. सातच्या निम्मे साडेतीन. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. त्याला साडेतीनने भागले, की ८७ येतात. फूट आणि मिलिमीटर या दोन वेगळ्या मोजमापांची सांगड घातल्यामुळे हा विचित्र आकडा जन्माला आला आणि आज जगात सर्वांत अधिक गाड्या याच प्रमाणात बनतात.

या छंदाचे जाहिरातीशी फार जुने नाते आहे. अमेरिकेतील जोशुआ लायोनेल कोवेन या तरुणाने १९०० साली न्यूयॉर्कमध्ये आपली कंपनी काढली. असे सांगतात, की एका दुकानाच्या काचेमागे मांडलेल्या निर्जीव वस्तूंकडे लोकांचे लक्ष जात नाही, हे पाहून त्याला एक कल्पना सुचली. त्याने लाकडाची एक उघडी वाघीण तयार केली, तिला छोटी मोटार बसवली आणि ती गोल रुळावर फिरत ठेवली. वाघिणीत दुकानातला माल ठेवायचा, म्हणजे फिरणाऱ्या गाडीमुळे लोक थांबतील आणि माल विकत घेतील, असा हेतू होता. लोक थांबले खरे. पण त्यांनी माल मागितला नाही, गाडीच मागितली! जाहिरात म्हणून केलेली वस्तू स्वतःच विक्रीचा माल ठरली. ‘लायोनेल’ हे नाव पुढे अमेरिकेत घरोघरी पोचले.

सुमारे अर्धशतकानंतर हे चक्र उलट फिरले. १९४८ साली लायोनेलने नव्या डिझेल इंजिनाची प्रतिकृती बाजारात आणली. तिचे साचे तयार करण्याचा खर्च मोठा होता. त्या खर्चाचा वाटा साँता फे आणि न्यूयॉर्क सेंट्रल या दोन रेल्वे कंपन्यांनी आणि खरी इंजिने बनवणाऱ्या जनरल मोटर्सने उचलला. या बड्या कंपन्यांनी खेळण्यासाठी पैसे का द्यावेत? साँता फेच्या इंजिनाचा लाल, पिवळा आणि चंदेरी रंग जर घराघरांतील मुलांच्या डोळ्यांत भरला, तर ती मुले मोठेपणी कोणत्या गाडीचे तिकीट काढतील, हे कंपनीला ठाऊक होते. वर्तमानपत्रातील जाहिरात दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. ही जाहिरात वर्षानुवर्षे जमिनीवर फिरत राहणार होती आणि तिचे पैसे मुलाचे वडील देणार होते! व्यापारी चातुर्याचा याहून सुंदर नमुना सहसा सापडणार नाही.

अशी एखादी जुनी जाहिरात छंदी माणसांच्या हाती पडली, की तिच्यावर तासन्‌तास चर्चा चालते. आपण कल्पना करू, की भिलाईच्या एका सेक्टरमध्ये, कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा असे एक चित्र पाहत बसले आहेत. चित्रात एक मुलगा जमिनीवर गाडी खेळतो आहे आणि मागे खिडकीतून खरी गाडी जाताना दिसते.

“काका, ही गाडी एचओ मापाची असेल ना?”

“आधी रूळ मोज. किती दिसतात?”

“दोन... नाही, थांबा. मधोमध आणखी एक आहे.”

“मग ही बहुधा ओ मापाची. आता मुलाचा हात बघ. डबा त्याच्या तळहाताहून केवढा मोठा आहे!”

“पण खऱ्या गाडीला तीन रूळ कुठे असतात?”

“नसतातच. म्हणून तर हे खेळणे.”

काकांनी पहिल्याच प्रश्नात नेमके मर्म पकडले. हा तिसरा रूळ कशासाठी असतो, हे समजून घेण्यासारखे आहे. खेळण्यातल्या गाडीला वीज रुळांतूनच मिळते. वीज एका वाटेने यावी लागते आणि दुसऱ्या वाटेने परत जावी लागते, तेव्हाच मोटार फिरते. दोन रूळ असतील, तर डाव्या रुळातून वीज येते आणि उजव्या रुळातून परत जाते. गोल किंवा लंबगोल मार्गावर हे बिनतक्रार चालते. परंतु गाडी फिरून उलट्या दिशेने त्याच मार्गावर परत यावी, म्हणून आपण मार्गाला एक मोठा फेर देऊन तो स्वतःलाच जोडला, तर काय होते? बोटाने आकृती काढून पाहा. फेर घेऊन आलेला डावा रूळ उजव्या रुळाला जाऊन मिळतो. येण्याची आणि जाण्याची वाट एक झाली, की शॉर्ट सर्किट होते. मधला रूळ घातला, की ही अडचणच उरत नाही. वीज मधल्या रुळातून येते आणि बाहेरच्या दोन्ही रुळांतून परत जाते. मार्ग कितीही वळवला, तरी मधला रूळ मधलाच राहतो! लायोनेलने १९०६ पासून ही पद्धत वापरली. मुलांना मार्ग हवा तसा जोडता यावा, यासाठी त्यांनी खरेपणाचा तेवढा बळी दिला. प्रतिकृती बनवणारे लोक मात्र दोनच रूळ ठेवतात आणि असा फेर आला, की तेवढा तुकडा वेगळा तोडून त्याला वीज देण्याची निराळी व्यवस्था करतात.

जाहिरातीतील चित्र तपासताना माणसाची आकृती सापडली, तर काम आणखी सोपे होते. खऱ्या माणसाची उंची सुमारे १.७ मीटर धरू. एचओ प्रमाणात तो दोन सेंटिमीटरांचा होतो. स्थानकावर उभा असलेला बाहुला जर दोन सेंटिमीटरांचा आणि शेजारच्या डब्याचे दार त्याच्या कमरेला लागणारे असेल, तर दोन वेगळ्या प्रमाणांच्या वस्तू एकत्र मांडल्या आहेत, हे उघड होते. जाहिरातीचा चित्रकार तर याहून मोठी लबाडी करतो. तो गाडीला लांबच लांब करतो आणि वळण मोठे डौलदार काढतो. खोक्यात मात्र चार डबे आणि हातभर व्यासाचे वर्तुळ निघते.

वळणाचा हा प्रश्न केवळ लबाडीचा नाही. भारतातील ब्रॉडगेज मार्गावर अतिशय तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर असते. ८७ ने भागले, तर दोन मीटर येतात. म्हणजे गाडीला नुसते वळून मागे फिरायचे, तरी चार मीटर रुंदीची खोली हवी. बाजारात मिळणाऱ्या रुळांचे वळण साधारण ४५ सेंटिमीटर त्रिज्येचे असते. आपल्या निळ्या रंगाच्या जुन्या प्रवासी डब्याची लांबी २१ मीटरांहून थोडी अधिक होती. त्याची प्रतिकृती साडेचोवीस सेंटिमीटरांची होते. एवढा लांब डबा एवढ्या आखूड वळणावर आला, की त्याचा मधला भाग आत झुकतो आणि टोके बाहेर पडतात. म्हणून खेळण्याचे कारखानदार डबे आखूड करतात, एकदोन खिडक्या गाळतात. पाहणाराला ते सहसा कळत नाही. छंदी माणसाला मात्र तत्काळ कळते, कारण तो खिडक्या मोजतो.

वेगाचेही असेच आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ८७ पट लहान केल्यावर एका सेकंदाला केवळ १९ सेंटिमीटर पुढे सरकली पाहिजे. लहान मुले तर सोडाच, मोठी माणसेही हाती खटका आला, की याच्या पाचपट वेगाने गाडी पळवतात.

आतापर्यंत सांगितलेल्या अडचणी जगभरच्या छंदी लोकांच्या आहेत. भारतीयांची एक खास अडचण आहे आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एचओ मापात दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते. याला ८७ ने गुणले, तर १४३५ मिलिमीटर येतात. हे युरोप-अमेरिकेतील प्रचलित अंतर आहे. भारतातील ब्रॉडगेजचे अंतर मात्र १६७६ मिलिमीटर आहे. त्याची ८७ पट लहान प्रतिकृती करायची, तर रुळांमध्ये १९.३ मिलिमीटर अंतर हवे. असे रूळ दुकानात मिळत नाहीत. बाजारातल्या रुळांवर भारतीय इंजिन ठेवले, तर खालचा मार्ग एक सप्तमांशाने अरुंद होतो. मोठ्या माणसाला लहान मुलाच्या चपला घालाव्यात, तसे ते दिसते.

यावर छंदी लोकांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, की इंजिनाचा रंग, खिडक्या, दिवे अचूक असले, की पुरे. रुळांतील फरक कोण पाहतो? बाजारचे रूळ आणि चाके घ्यावीत आणि गाडी सुरू करावी. दुसरा पक्ष म्हणतो, की ज्या रुंद मार्गामुळे भारतीय रेल्वेला तिचे ऐसपैस रूप मिळाले, तोच चुकीचा दाखवायचा, तर बाकीची अचूकता काय कामाची? ही मंडळी रूळ हाताने बसवतात, चाकांचे आस लांब करून घेतात आणि एकेका सांध्यावर आठवडे घालवतात. पहिल्या पक्षाची गाडी महिन्याभरात धावू लागते. दुसऱ्याची कदाचित कधीच पूर्ण होत नाही. माझे मत विचाराल, तर नवशिक्याने पहिल्या पक्षात जावे आणि दुसऱ्या पक्षाबद्दल आदर बाळगावा.

अचूकतेपेक्षा गाडी धावण्याच्या आनंदाला प्राधान्य दिले, तर काय घडू शकते, हे पाहायचे असेल, तर पुण्याला जावे. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून तेथील कोथरूड भागात छोट्या रेल्वेचे संग्रहालय उभे राहिले आणि १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. खोलीच्या मधोमध एक संपूर्ण शहर मांडलेले आहे. त्यात उड्डाणपूल आहेत, रस्त्यावरचे दिवे आहेत, साठाहून अधिक सिग्नल आहेत आणि अनेक प्रकारच्या गाड्या नियंत्रणफलकावरून चालवल्या जातात. गाड्या एकमेकींवर आदळू नयेत, एकीने जागा मोकळी केल्यावरच दुसरीला वाट मिळावी, हा खऱ्या रेल्वेचा नियम तेथे डोळ्यांसमोर दिसतो. शाळकरी मुलांना सिग्नलचे काम पुस्तकातून जेवढे समजत नाही, तेवढे अशा मांडणीसमोर उभे राहून समजते.

आता पुन्हा छत्तीसगडकडे येऊ. रायपूरहून अभनपूर, कुरुदमार्गे धमतरीला आणि अभनपूरहून एका फाट्याने राजीमला जाणारी नॅरोगेज गाडी होती. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळात, १९०० सालच्या सुमारास हा मार्ग सुरू झाला. लोक त्याला ‘छोटी लाइन’ म्हणत. शतकाहून अधिक काळ या गाडीने गावकऱ्यांना बाजाराला, कचेरीला आणि राजीमच्या जत्रेला नेले. २०१० नंतरच्या दशकात रायपूर शहरातील तिचा मार्ग उखडला गेला आणि तेथे मोटारींचा रस्ता झाला. केंद्रीपासून पुढच्या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर हाती घेण्यात आले. प्रवाशांच्या दृष्टीने हे योग्यच झाले, कारण छोटी गाडी फार संथ होती. परंतु तिच्याबरोबर तिची स्थानके, पाण्याच्या टाक्या, सिग्नलचे खांब आणि छोटे डबेही नजरेआड होऊ लागले. अशा गाड्यांचे काही अवशेष नागपूरच्या मोतीबागेत १४ डिसेंबर २००२ रोजी सुरू झालेल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात जतन केलेले आहेत. संग्रहालयात इंजिन ठेवता येते. पण भाताच्या शेतांमधून जाणारा मार्ग, बांधावरचा बाभळीचा वृक्ष, स्थानकाच्या ओट्यावर बसलेली माणसे संग्रहालयात कशी ठेवणार?

येथे ८७ हा आकडा अनपेक्षितपणे मदतीला येतो. छोट्या लाइनचे अंतर ७६२ मिलिमीटर होते. त्याला ८७ ने भागले, तर ८.७६ मिलिमीटर येतात. जगात ‘एन’ नावाचे आणखी एक लहान माप प्रचलित आहे. त्यातील रुळांचे अंतर ९ मिलिमीटर असते आणि ते रूळ तयार मिळतात. फरक पाव मिलिमीटराचा. तो डोळ्याला दिसत नाही. म्हणजे भिलाईच्या रुळांवर आज धावणारी ब्रॉडगेज गाडी अचूक बनवणे अतिशय कठीण, पण नाहीशी झालेली छोटी लाइन मात्र बाजारातील रुळांवर जवळजवळ अचूक उभी करता येते! भिलाई-दुर्ग परिसरातील एखाद्या नवशिक्याला प्रतिकृतीसाठी विषय हवा असेल, तर याहून चांगला विषय नाही.

त्यासाठी मापे मात्र मिळाली पाहिजेत. जुने स्थानक अजून उभे असेल, तर फूटपट्टी घेऊन स्वतः जाणे उत्तम. दारे, खिडक्या, ओट्याची उंची, छपराचा उतार हे सर्व वहीत टिपून घ्यावे. इमारत पडली असेल आणि केवळ घरातला जुना फोटो हाती असेल, तरी काम अडत नाही. फोटोत कोठेतरी रूळ दिसतातच. त्यांच्यामधील अंतर ७६२ मिलिमीटर, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. रुळांच्या जवळ, त्याच अंतरावर उभ्या असलेल्या वस्तूंची मापे या एका मापावरून काढता येतात. भिंतीचा गिलावा उडाला असेल, तर विटांचे थर मोजून भिंतीची उंची ठरवता येते. आणि गावातील वृद्ध माणसांना विचारावे. कौले कोणत्या रंगाची होती, घंटा कोठे टांगलेली असे, गाडी येण्याच्या वेळी चहावाला कोणत्या बाजूला उभा राहत असे, हे फोटोत नसते. ते त्यांनाच सांगता येते.